तीन आठवड्यांची मुदत

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या गुन्ह्यातला साक्षीदार कुठल्या आरोपीचा भाऊ होता, हे मला आज जुने कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र तसे मिसळले नाही. त्या दिवशी माझ्या केबिनमध्ये कोण कुठल्या खुर्चीवर बसले होते, हेसुद्धा मला आठवते. सेवेची काही वर्षे शिल्लक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा घरी पाठदुखीचे कारण सांगितले होते. खरे कारण हे आहे.

मी तेव्हा बोरिवली परिसरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. एका बाजूला टॉवर, मध्ये जुन्या चाळी आणि म्हाडाच्या इमारती, आणि पश्चिमेला खाडी. हद्दीत कोकणातली वस्ती मोठी. ज्यांच्या वडिलांनी गिरणीत जन्म घालवला, त्यांची मुले आता कुणी रिक्षा चालवतात, कुणी विमा विकतात, कुणी अंधेरीच्या आयटी कंपनीत बसतात. मीही मूळचा तिकडचाच. त्यामुळे गाववाल्यांचे आपसातले वाद माझ्याकडे हक्काने यायचे.

त्या वादांसाठी माझी एक पद्धत होती. सामाईक घर, काजूची बाग, लग्नात दिलेले दागिने, असल्या दिवाणी स्वरूपाच्या तक्रारींत पोलिसांना फारसे काही करता येत नाही. अदखलपात्र नोंद करायची आणि कोर्टात जा म्हणून सांगायचे. मी तसे करत नसे. समोरच्या दुकानातून नारळ मागवायचो, टेबलावर ठेवायचो, दोन्ही बाजूंना ग्रामदेवाचे नाव घेऊन त्यावर हात ठेवायला लावायचो आणि मग म्हणायचो, आता बोला. प्रतिज्ञापत्रावर बिनदिक्कत खोटे लिहिणारा माणूस नारळावर हात ठेवताना घाम पुसतो, हे मी कित्येकदा पाहिले होते. स्टेशन डायरीत मात्र एवढेच लिहिले जाई, 'उभय पक्षांना योग्य ती समज देऊन परत पाठवले.' ठाण्यातली पोरे त्याला 'साहेबांचं नारळ कोर्ट' म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी एका गावच्या मुंबईतील मंडळाचे तिघे जण अर्ज घेऊन आले. पुढे होते मंडळाचे खजिनदार, साठी ओलांडलेले, गिरणी बंद पडल्यावर सोसायट्यांची कामे करून संसार उभा केलेले गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणत. सोबत कार्यकारिणीतले दोन सभासद. अर्ज होता मामांच्याच सख्ख्या भाच्याविरुद्ध. गावच्या देवळाच्या सभामंडपासाठी मंडळाने काही वर्षे गोळा केलेला निधी भाच्याने घेतला आणि परत देत नाही, असे त्यात म्हटले होते. कंत्राटदार काम सोडून जायच्या बेतात होता.

भाच्याला मी बोलावून घेतले. पस्तिशीच्या आसपासचा, संगणक अभियंता, चष्मा, पाठीवर बॅग. हा पळून जाणारा माणूस नाही, हे मला त्याला पाहताच वाटले होते. ते मी नंतर विसरलो.

"पैसे घेतलेस?" मी विचारले.

"मामांनी दिले होते, सर. बँकेत पडून राहतात, वाढव म्हणाले."

"मी वाढव म्हटलं, बुडव नाही म्हटलं!" मामा खुर्चीत पुढे सरकले.

"बुडाले नाहीत ना, मामा. हे बघा." त्याने फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर आकडा होता, आणि तो मंडळाच्या निधीपेक्षा थोडा जास्तच होता.

"मग देऊन टाक," मी म्हणालो.

"काढायला टाकलेत, सर. कंत्राटदाराचं कळल्याबरोबर टाकले. पण सुटायला तीन आठवडे लागतात."

"कुठली बँक?"

"बँक नाही. ब्लॉकचेन नेटवर्क आहे. त्याच्या प्रोटोकॉलमध्येच तसं आहे."

मामांनी टाळी वाजवली. "ऐकलंत, साहेब? प्रोटोकॉल! मंत्र्याच्या गाडीला असतो तो. आमच्या देवाच्या पैशाला कसला आलाय प्रोटोकॉल?"

सगळे हसले. मीही हसलो.

तो हसला नाही. "सर, ते जामिनासारखं समजा," तो मला म्हणाला. "पैशांची त्यांची डिजिटल नाणी घेऊन आपण ती तिथे जामीन म्हणून ठेवतो. कोणी गडबड केली तर त्यातून कापलं जातं. म्हणून बाहेर पडतो म्हटल्यावर लगेच सोडत नाहीत. मी काय, कोणीच ते लवकर सोडवू शकत नाही."

मी ते ऐकले, पण समजून घेतले नाही. मला त्यात टाळाटाळ दिसली. माझ्यासमोर बसलेला प्रत्येक माणूस मुदत मागतो, आणि मुदत मागणाऱ्यावर जोर लावला की पैसे निघतात, हा माझा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव होता. कंत्राटदार आठ दिवस थांबायला तयार आहे, असे मामा म्हणाले. मी आठ दिवस ठरवून टाकले आणि नारळ मागवला.

"सर, आठ दिवसांत नाही होणार. मी शपथ कशी घेऊ?"

"तू हात ठेव. होतं सगळं."

"पण सर, खोटी होईल ना ती."

मामा म्हणाले, "देवाच्या पैशाला हात लावताना भीती नाय वाटली, आणि नारळाला लावताना वाटते?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. हात ठेव, एवढाच तिचा अर्थ होता. त्याने हात ठेवला आणि मी सांगितले ते शब्द म्हटले. आवाज इतका बारीक होता की मी ते पुन्हा म्हणायला लावले.

प्रोटोकॉल म्हणजे काय, हे मला नीट कळले ते फार नंतर, दोषारोपपत्र तयार करताना. सरकारी वकिलांना समजेल अशा साध्या भाषेत ते लिहून द्यावे लागले. वाचकांसाठी तेच इथे सांगतो, कारण त्याशिवाय हा गुन्हा कळणार नाही.

अशा नेटवर्कला कार्यालय नसते, व्यवस्थापक नसतो. जगभर विखुरलेले हजारो संगणक एकच हिशेब ठेवत असतात आणि प्रत्येकाकडे त्याची पूर्ण प्रत असते. नवी नोंद केव्हा ग्राह्य धरायची, तिच्यावर कोणाची सही हवी, दोन नोंदी परस्परविरोधी आल्या तर खरी कोणती, याचे नियम त्या सगळ्या संगणकांत सारखेच घातलेले असतात. त्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. मालकाच्या गुप्त किल्लीने केलेली सही जुळली आणि नियम पाळला गेला असेल, तर प्रत्येक संगणक ती नोंद स्वतः तपासून स्वीकारतो. नसेल, तर टाकून देतो. नोंदींचे गठ्ठे एकामागून एक असे जोडलेले असतात, की मागची एक नोंद कोणी बदलली तर पुढचे सगळे जुळेनासे होते आणि लबाडी उघड होते. नवा गठ्ठा कोणी जोडायचा, हेही नियमानेच ठरते. या नेटवर्कमध्ये तो मान ज्यांनी नाणी अडकवून ठेवली आहेत त्यांना मिळतो, आणि कामाचा मोबदलाही मिळतो. तीच ती 'वाढ'. लबाडी केली तर अडकवलेल्या नाण्यांतून कपात होते. त्यासाठी तक्रार लागत नाही, सुनावणी होत नाही. पण लबाडी कधी कधी उशिरा सापडते, म्हणून बाहेर पडणाऱ्याची नाणी ठरावीक काळ धरून ठेवतात. जामीनदाराची रक्कम जशी खटल्याचे काही ठरण्याआधी परत मिळत नाही, तसेच. नियम बदलता येतात, पण त्यासाठी प्रस्ताव मांडावा लागतो आणि बहुतेकांनी तो मान्य करून आपापल्या संगणकात नवा नियम घ्यावा लागतो. एका माणसाच्या अडचणीसाठी तो कोणी वाकवत नाही. वाकवणाराच तिथे नसतो.

मी आयुष्यभर जामीन आणि जातमुचलके हाताळलेला माणूस. हे मला पाच मिनिटांत कळण्यासारखे होते. त्याने तर शब्दही माझ्याच कामातला वापरला होता.

आठ दिवस गेले. पैसे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पत्नी ठाण्यात आली. घाटकोपरला एका कंपनीत हिशेबाचे काम करणारी, सरळ बोलणारी बाई.

"काल ऑफिसमधून निघाले ते घरी आलेच नाहीत. फोन बंद आहे."

मी व्यक्ती हरवल्याची नोंद करायला सांगितले. नियमाप्रमाणे फोटो घेतला, वर्णन घेतले, बिनतारी संदेश पाठवला. पण तपास माणूस हरवल्यासारखा केला नाही, फरारी झाल्यासारखा केला.

"बाई, तुमचा नवरा शपथ मोडून पळालाय," मी तिला म्हणालो.

"ते पळणार नाहीत, साहेब."

"पळणाऱ्या प्रत्येकाची बायको हेच म्हणते."

त्याच दुपारी मामा आले. माझ्यासमोर बसून चहा प्यायले. "बघा, साहेब. बहिणीचा एकुलता एक. काय तोंड दाखवू गावात?" त्यांचे डोळे ओले होते. ते डोळे खोटे नव्हते, हे मला आजही वाटते. गुन्हा करणाऱ्याला दुःख होत नाही, असे समजणारा अधिकारी फसतो.

दोन दिवस बँक खाती, नातेवाइकांचे पत्ते, रेल्वे स्थानकांवरचे कॅमेरे यांत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली होती. मी परिमंडळाच्या बैठकीला निघालो होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी ती फोन हातात धरून उभी होती. काही तरी दाखवायचे म्हणते, असे अंमलदार म्हणाला. मी तिला पाहिले. तिनेही मला पाहिले. "उद्या यायला सांग," असे म्हणून मी गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती उघड्या डोळ्यांनी रात्र काढल्यासारखी आली आणि न विचारता माझ्यासमोर बसली.

"हे नेटवर्कचं पान आहे, साहेब. कोणालाही उघडता येतं. आमच्या खात्याचा पत्ता टाकला की आमचा हिशेब दिसतो. बघू सगळे शकतात, हलवू फक्त ते शकतात."

"मग?"

"काढायला टाकलेले पैसे परवा संध्याकाळी कोणीतरी रद्द करून परत आत टाकलेत. म्हणजे इतके दिवस थांबलो ते गेलं. आणि त्याच संध्याकाळी, थोड्याच वेळात, परत काढायला टाकलेत. मुदत पहिल्यापासून सुरू."

"त्यानेच केलं असेल."

"साहेब, पळून जाणारा माणूस पैसे परत कुलपात कशाला घालेल? त्यांना याचा अर्थ माहीत आहे. हे ज्याला माहीत नाही त्याने केलंय. त्यांचा फोन दुसऱ्याच्या हातात आहे. मी काल हेच सांगायला आले होते."

मी त्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या. एक रद्द केल्याची, एक नव्या विनंतीची. माझी फरारीची गोष्ट त्या दोन ओळींत संपली. कोणाला घाई होती, हा प्रश्न मग फार अवघड राहिला नाही.

मामांना मी बोलावले, पण आरोपी म्हणून नाही. चौकशीची माझी एक सवय होती. समोरच्याला मी कधी 'खरं सांग' म्हणत नसे. त्याला ठाऊक असलेली गोष्ट मी थोडी चुकवून सांगायचो. माणसाला खोटे बोलणे जमते, पण दुसऱ्याची चूक ऐकून गप्प बसणे जमत नाही.

"मामा, भाचा मिळेल तेव्हा मिळेल," मी चहा पुढे करत म्हणालो. "पण एक बातमी चांगली आहे. आम्ही तज्ज्ञाला विचारलं. त्याने सांगितलेली तीन आठवड्यांची मुदत खरी होती. त्यातले निम्मे दिवस तर गेलेच. थोडे दिवस थांबलात की पैसे मोकळे."

"मोकळे कसले?" मामा वैतागून म्हणाले. "आता परत पहिल्यापासून तीन आठवडे..."

ते थांबले. कप बशीवर ठेवायला गेले आणि तो बाजूला टेकला.

मी त्यांचा जबाब समोर ओढला.

"तुम्हाला कोणी सांगितलं, मामा? तुम्हाला तर त्यातलं काही कळत नाही. तुमच्या जबाबात तसं लिहिलंय."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग हातांच्या आडूनच बोलू लागले.

"मारला नाय हो आम्ही त्याला. समजवायला नेला. गोराईला एकाचा बंगला बंद असतो, चावी आमच्याकडे. म्हटलं, गावात बदनामी नको, इथंच मिटवू."

"फोन?"

"त्यानेच उघडला. दाखवायला. आकडा दिसत होता, साहेब, समोर! आणि तो म्हणे मिळणार नाय. खाली कॅन्सल लिहिलेलं होतं. कॅन्सल म्हणजे रद्द, एवढं मला कळतं. मला वाटलं, ती मुदत रद्द होईल. तो ओरडला, मामा, नको, नको. मला वाटलं हाच तो चोरकप्पा, म्हणून ओरडतो. मी दाबला."

"आणि?"

"आणि तो खालीच बसला. म्हणाला, मामा, तुम्ही पहिल्यापासून सुरू केलंत. मग आम्हीच त्याला परत काढायला टाकायला लावले. आणि ठरवलं की पैसे सुटेपर्यंत त्याला तिथंच ठेवायचा. घरी सोडला तर पुन्हा काही तरी करेल."

"तीन आठवडे माणूस कोंडून ठेवणार होतात? सख्खा भाचा?"

मामांनी हात खाली घेतले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले.

"त्याने देवाची शपथ मोडली होती, साहेब. तुमच्याच समोर घेतलेली ना?"

मी लगेच पंच बोलावले, मामांच्या निवेदनाचा पंचनामा केला आणि मामांना सोबत घेऊन निघालो. एक पथक गाडीने लांबच्या रस्त्याने पाठवले आणि मी मामा, पंच आणि चौघा शिपायांना घेऊन फेरीबोटीने खाडी ओलांडली. बंगल्याच्या ओट्यावर कार्यकारिणीतला एक सभासद बसला होता. पोलीस पाहिल्यावर तो उठून उभा राहिला आणि काही विचारायच्या आधीच म्हणाला, "काल दुपारी पळाला. न्हाणीघराची जाळी काढून. मला वाटलं, घरी गेला असेल. मामांना सांगायची हिंमत झाली नाय."

मामा त्याला बाजूला सारून न्हाणीघराकडे धावले.

तो घरी गेला नव्हता. धक्क्याकडे जाणारा रस्ता या लोकांना दिसत होता, म्हणून तो मागच्या बाजूने तिवरांत शिरला असणार. आम्ही किनारा धरून शोधू लागलो. एका कोळ्याने आपली होडी बाजूला लावून हाक मारली. त्याला सकाळी काही तरी दिसले होते, पण भरतीला जवळ जाता आले नव्हते. आता पाणी उतरले होते.

तो तिवराच्या मुळाला एक हात घालून होता. चष्मा नव्हता. पायांत एकच चप्पल.

"हा इथं चालत आला?" मी कोळ्याला विचारले.

"चालत येतात, साहेब. ओहोटीला गाळ वरून सुकलेला दिसतो. आणि समोर बघा, बोरिवलीच्या बिल्डिंगी. माणसाला वाटतं, हे काय, इथंच तर आहे. आमची पोरं नाय उतरत. नवखा माणूस कमरेपर्यंत जातो. मग पाणी येतं."

मी समोर पाहिले. त्याची इमारत त्यांतलीच एक असणार.

डॉक्टरांनी सांगितले त्याप्रमाणे तो आदल्या संध्याकाळच्या भरतीत गेला. आदल्या सकाळी त्याची पत्नी फोन हातात धरून माझ्या ठाण्यात उभी होती. मी तेव्हा पाच मिनिटे थांबलो असतो तर दुपारपर्यंत गोराईला पोहोचलो असतो का, हा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. दर वेळी उत्तर एकच येते.

तिघांना अटक झाली. अपहरण, डांबून ठेवणे, सदोष मनुष्यवध अशी कलमे लागली. फोन जप्त झाला, पण नाण्यांची किल्ली त्याच्या मनातल्या संकेतशब्दाने बंद होती आणि तो कोणालाच ठाऊक नव्हता. पत्नीने घर पालथे घातले, प्रयोगशाळेने प्रयत्न केले. काही निघाले नाही. कोर्टाचा आदेश मिळवता आला असता, पण तो बजावायचा कोणावर?

नवी मुदत संपली त्या दिवशी ती ठाण्यात आली. मी तिला बोलावले नव्हते. तिने तेच पान उघडून माझ्यासमोर धरले. नाणी सुटली होती. सगळीच्या सगळी, त्याने सांगितले होते तशी. त्याच्या पत्त्यावर मोकळी होऊन पडली होती, आणि आता ती कोणीच उचलू शकत नव्हते.

"ते खोटं बोलले नव्हते," ती म्हणाली. "मला पैसे नकोत, साहेब. मंडळात सगळे म्हणतात त्यांनी देवाचे पैसे खाल्ले. सासूबाईंना गावात देवळाच्या पायरीवर बसू देत नाहीत. माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील. तुम्ही सांगाल?"

मी हो म्हणालो.

मंडळाची सभा कांदिवलीच्या एका शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे आखडून बसली होती. मी साध्या कपड्यांत गेलो. ती मागच्या बाकावर होती, तिच्या शेजारची जागा रिकामी. मी फळ्यापाशी उभा राहून सगळे सांगितले. निधी त्याच्याकडे मामांनी दिला होता, तो त्याने खाल्ला नाही, मुदत त्याची नव्हती तर नेटवर्कच्या नियमाची होती, आणि ती मामांनी स्वतःच्या हाताने वाढवली. ते सांगून मी खाली बसू शकलो असतो. ते कोणाला खटकले नसते. पण मी नारळाचेही सांगितले. आठ दिवसांत होणार नाही, असे त्याने मला आधीच सांगितले होते, तरी मी त्याचा हात धरल्यासारखा तिथे ठेवायला लावला, असे सांगितले.

पुढच्या बाकावर एक म्हातारी बाई होती. नवरा गिरणीत होता, त्याच्या मागे तिने सभामंडपाला पैसे दिले होते. तिने विचारले, "तेनी तुमका तेव्हाच सांगलेलां?"

"हो."

"ही शपथ खोटी होतली, म्हणान?"

"हो."

"मग तुमी आमका कित्याक नाय सांगलात? मामाक त्याच दिवशी सांगूचा होता, पोर खरां बोलता, थांबा. आमी थांबलो असतो."

ती चिडून बोलत नव्हती. खरेच विचारत होती. खरे उत्तर हे होते की मला त्याचे म्हणणे समजून घ्यायचे नव्हते, मला वाद मिटवायचा होता.

मग अध्यक्षांनी विचारले, भाच्यावर मंडळाचा आरोप नाही, असे गावी कळवायचे का. काही हात लगेच वर झाले, काही वेळाने. म्हातारीने हात वर केला आणि सगळे होईपर्यंत खाली घेतला नाही.

त्यानंतर मी वरिष्ठांना लेखी अहवाल दिला. विभागीय चौकशी झाली, शिक्षा किरकोळ झाली. नोकरी चालू ठेवता आली असती. पण समोर कोणी बसून 'साहेब, हे माझ्या हातात नाही' म्हणाला की मला पुढचे वाक्य सुचेनासे झाले. पूर्वी मला ते नेहमी सुचत असे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नवे अधिकारी कधी कधी विचारतात. मी त्यांना सांगतो, तुमच्या टेबलासमोरचा माणूस एखादी गोष्ट अशक्य आहे म्हणाला, तर आधी ती खरेच अशक्य आहे का ते पाहा. जोर नंतरही लावता येतो. ते मान डोलावतात आणि लिहून घेतात. ती बाई आता मुंबईत नाही, सासूजवळ गावी असते. ते पान मी अजून कधी कधी उघडतो. आकडा तेवढाच आहे. तो सगळ्यांना दिसतो.